काटा थांबला नाही पाहिजे: वाढत्या क्लाऊड सॉफ्टवेअरमध्ये टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरचं काम, पायरी पायरीनं

आधी एक हिशोब करूया. दिवसाला १०,००० टन गाळप करणारा साखर कारखाना धरा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, सरासरी २० टन ऊस, म्हणजे दिवसाला ५०० खेपा. प्रत्येक खेपेला दोन वजनं, आधी भरलेल्या गाडीचं आणि मग रिकाम्या गाडीचं, म्हणजे १,००० नोंदी. असले ८ कारखाने एकाच सॉफ्टवेअरवर असले तरी मिनिटाला साडेपाच नोंदी होतात, एवढं काम घरातला जुना लॅपटॉप पण करेल.

तरी आमचं सॉफ्टवेअर बसलं. डिसेंबरातली गोष्ट, मी तेव्हा बेळगावातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये होतो, टिळकवाडीत ऑफिस, ९ जणांची टीम, आणि चिकोडी अथणी हुक्केरी भागातल्या कारखान्यांना वजनकाटा आणि ऊस बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही द्यायचो. संध्याकाळी सात वाजता एका काट्यावरून फोन आला, "साहेब, पावती येईना झालीय ओ, गाड्या थटल्यात." दोन मिनिटांत दुसऱ्या कारखान्याचा, मग तिसऱ्याचा. ५० मिनिटं काटे बंद. तीन मिनिटाला एक गाडी येते म्हटल्यावर एकेका कारखान्यात १६-१७ गाड्या गेटच्या बाहेर, थंडीत ड्रायव्हर आणि तोडणी टोळीची माणसं बसलेली, आणि गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकायच्या जागेत) ऊस कमी पडायला लागला की आतली माणसं पण चिडतात.

काट्याचा लोड वाढलाच नव्हता. त्या दिवशी पंधरवड्याची बिलं निघाली होती. पंधरवडा सगळ्या कारखान्यांचा एकच, त्यामुळं आठही कारखान्यांच्या दीड लाख शेतकऱ्यांना एकाच वेळी मेसेज गेला की बिल बघायला ॲप उघडा. त्यातल्या २० टक्के लोकांनी पहिल्या १० मिनिटांत ॲप उघडलं तरी ३०,००० माणसं, म्हणजे सेकंदाला ५०. आणि आमची बिलाची स्क्रीन एकदा उघडली की मागं १२ वेळा सर्व्हरला हाक मारायची. ५० गुणिले १२, सेकंदाला ६००. आणि ती सगळी गर्दी त्याच डेटाबेसवर ज्याच्यावर काटा चालतो.

त्यात अजून एक झालं, आणि हे मुद्दाम सांगतो कारण ही चूक मी नंतर तीन ठिकाणी बघितली. आमचा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस, तो आम्हीच एका मशीनवर बसवलेला, सेटिंग मूळचीच, त्यात एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा १०० असते. आमचे ३ ॲप सर्व्हर, प्रत्येकाला २० कनेक्शन, म्हणजे ६०. गर्दी वाढली म्हणून ऑटोस्केलिंगनं, म्हणजे सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या सोयीनं, सर्व्हर ३ चे ६ केले. १२० कनेक्शन मागायला लागले, आणि १०० च्या पुढं दार बंद. सर्व्हर वाढवले म्हणून सॉफ्टवेअर जास्त बसलं. पोरांनी घाबरून अजून दोन वाढवले.

पोरं हुशार होती, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली. कोड वाईट नव्हता. फक्त एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता, की शेतकऱ्याचं बिल बघणं आणि काट्यावरची पावती या दोन गोष्टी सारख्या महत्त्वाच्या आहेत का? बिल दहा मिनिटं उशिरा दिसलं तर चालतं, पावती एक मिनिट पण थांबून चालत नाही. माझ्या मते स्केलिंगमध्ये, म्हणजे वाढता लोड पेलेल असं सॉफ्टवेअर करण्यात, टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरचं सगळ्यात मोठं काम हेच, काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही हे ठरवणं, लिहून काढणं, आणि मग त्याप्रमाणं सॉफ्टवेअर बांधून घेणं. बाकीच्या सगळ्या पायऱ्या याच्यातनंच निघतात.

आता हा माणूस म्हणजे कोण ते थोडक्यात. साधा प्रॉडक्ट मॅनेजर ग्राहकाला काय पाहिजे ते ठरवतो, इंजिनिअरिंग लीड ते कसं बांधायचं ते ठरवतो. टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर या दोघांच्या मधल्या जागेत उभा असतो, त्याला डेटाबेसची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाचता येते, लॉग बघता येतो, क्लाऊडचं बिल समजतं, आणि काट्यावरच्या क्लार्कशी पण बोलता येतं. कोड लिहायलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीला हे काम संस्थापक स्वतः करतो, सात-आठ इंजिनिअर झाले की त्याला जमत नाही, कारण तो तोपर्यंत पैसे आणि ग्राहक यांच्या मागं पळत असतो.

पहिली पायरी: लोड कुठनं येतो ते जागेवर जाऊन बघा

ही पायरी लोक सोडतात, डॅशबोर्ड उघडून बसतात. डॅशबोर्ड सांगतो की सात वाजता गर्दी झाली, का झाली ते सांगत नाही. मी त्या घटनेनंतर दोन रात्री एका कारखान्याच्या काट्यावर काढल्या. तिथं काय काय कळलं बघा. काट्याचा क्लार्क पावती आली नाही की तेच बटन चार वेळा दाबतो, म्हणजे अडचणीच्या वेळेलाच आमचा लोड चौपट होतो. पहाटे चार ते सहा गाड्या कमी असतात. शिफ्ट बदलली की नवीन क्लार्क आधीच्या शिफ्टचा पूर्ण रिपोर्ट काढतो, आणि तो रिपोर्ट हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनची बेरीज करतो, त्यामुळं नोव्हेंबरात दोन सेकंदात येणारा रिपोर्ट जानेवारीत मिनिटभर लावतो. गट ऑफिसमधला तोडणीच्या चिठ्ठ्या बघणारा स्लिपबॉय मोबाईलवर एकाच लॉगिनमधनं दहा जणांच्या नोंदी टाकतो. हे सगळं ऑफिसात बसून दहा वर्षं कळलं नसतं.

जाताना वही घेऊन जा आणि तीनच गोष्टी लिहा: कोण, किती वाजता, किती वेळा. परत आल्यावर एक पानभर तक्ता करा, उभ्या बाजूला २४ तास, आडव्या बाजूला वापरणाऱ्यांचे प्रकार. त्याच्या शेजारी महिन्याचा आणि वर्षाचा तक्ता. तुमचं सॉफ्टवेअर उसाचं नसेल तरी हंगाम असतोच. बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्री आणि मशीनशॉपला बिलिंग सॉफ्टवेअर देत असाल तर जीएसटीच्या ११ आणि २० तारखा हाच तुमचा हंगाम, मासिक रिटर्न भरणारे सगळे त्याच्या आदल्या दिवशी उगवतात. भाजी मार्केटचं असेल तर पहाट.

दुसरी पायरी: थांबणारं आणि न थांबणारं वेगळं करा

सॉफ्टवेअरमधली सगळी कामं एका कागदावर काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे बंद पडलं तर किती वेळात कुणाचं नुकसान होतं. आमचा कागद असा झाला. काट्यावरची पावती, शून्य मिनिटं. गाडीचा नंबर लावणं, पाच मिनिटं. वजनाचा मेसेज शेतकऱ्याला, अर्धा तास. शिफ्ट रिपोर्ट, एक तास. शेतकऱ्याचं बिल बघणं, दोन-तीन तास. मॅनेजमेंटचे ग्राफ, दुसरा दिवस. बिलाचा हिशोब बनवणं, एक दिवस, पण चुकायला अजिबात नाही पाहिजे, कारण ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि चुकीच्या हिशोबाचं भांडण गावात जातं.

हा कागद घेऊन ग्राहकाकडं जा आणि त्याच्याकडून सही नको पण होकार घ्या. यात एक खरी अडचण आहे, प्रत्येक ग्राहक पहिल्यांदा सगळंच तातडीचं म्हणतो. तेव्हा त्याला आकड्यात विचारायचं. ९९.९ टक्के चालू म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद चालेल. ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटं. ९९ टक्के म्हणजे सात तासांच्या वर. "साहेब, मॅनेजमेंटचा ग्राफ महिन्यात सात तास दिसला नाही तर चालेल काय?" म्हटलं की लगेच होय म्हणतात. "आणि काटा?" म्हटलं की चेहराच बदलतो. प्रत्येक नऊच्या मागं पैसे वाढतात, म्हणून सगळ्या सॉफ्टवेअरला एकच टक्का लावणं म्हणजे पैसे वाया.

आणि टक्क्याच्या नादात वेळ विसरू नका, जूनमधली ४३ मिनिटं आणि डिसेंबरातली ४३ मिनिटं सारखी नसतात. आम्ही करारात हंगामाचे महिने वेगळे लिहिले.

यातनं इंजिनिअरिंगचा पहिला निर्णय आपोआप निघाला: काट्याचा रस्ता वेगळा. वेगळे सर्व्हर, वेगळा कनेक्शनचा वाटा, आणि शेतकऱ्यांच्या ॲपनं वाचायला डेटाबेसची वेगळी प्रत, म्हणजे रीड रेप्लिका. ती प्रत काही सेकंद मागं असते, कधी गर्दीत अजून मागं, पण बिल बघणारा माणूस दोन-तीन तास थांबू शकतो हे आधीच लिहून ठेवलंय म्हटल्यावर त्याच्यावर टीममध्ये वाद झाला नाही.

तिसरी पायरी: मोजमाप

यावर जास्त लिहीत नाही, फक्त दोन गोष्टी. एक, सरासरी बघू नका. शंभरातल्या ९५ जणांना किती वेळात उत्तर मिळालं ते बघा आणि उरलेल्या ५ जणांचं वेगळं बघा, कारण ते पाचजण बहुतेक तुमचे सगळ्यात मोठे ग्राहक असतात, डेटा त्यांचाच जास्त असतो. दोन, सीपीयू आणि मेमरीच्या ग्राफच्या वर एक ग्राफ धंद्याच्या भाषेत ठेवा. आमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यात वर "गेल्या १० मिनिटांत पावत्या किती" एवढंच होतं. हंगामात तो आकडा शून्य झाला की सीपीयू थंड असला तरी काहीतर बिघडलंय हे झाडू मारायला येणाऱ्या मावशींना पण कळायचं, आणि एकदा त्यांनीच सांगितलं.

चौथी पायरी: आधी स्वस्त उपाय, मग महाग

ही पायरी सगळ्यात मोठी, कारण इथंच पैसे आणि महिने जातात. सॉफ्टवेअर हळू झालं की टीममधलं कुणीतर म्हणतं मायक्रोसर्व्हिस करूया (म्हणजे सॉफ्टवेअरचे छोटे छोटे तुकडे), कुबरनेटीस लावूया (असले तुकडे चालवणारी यंत्रणा). मी तंत्राच्या विरोधात नाही, पण ९ जणांच्या टीमनं हे सहा महिने करत बसलं तर हंगाम निघून जातो. मोठ्यांनी पण उलटं फिरलंय, ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं २०२३ मध्ये लिहिलं की व्हिडिओची क्वालिटी तपासणारी त्यांची सिस्टीम तुकड्या-तुकड्यात होती ती एकत्र करून खर्च ९० टक्क्यांहून जास्त खाली आला. त्यांचं कारण त्यांच्यापुरतं, पण तुकडे करणं म्हणजे आपोआप स्केल होणं नाही एवढं त्यातनं घ्या.

माझा क्रम असा असतो. पहिल्यांदा डेटाबेसमधल्या सगळ्यात हळू दहा क्वेरी काढून घ्या, पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी सोय आहे. त्यातल्या निम्म्या नुसत्या इंडेक्स (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी सोय) घालून सुधारतात. इंडेक्स चालू सिस्टीमवर घालताना काँकरंट पद्धतीनं घाला, नाहीतर तेवढा वेळ त्या टेबलमध्ये लिहिणं अडतं, आणि ते टेबल काट्याचं असलं तर परत गाड्या थटल्या. मग एकात एक क्वेरी बघा: शेतकऱ्यांची यादी आणायची आणि मग प्रत्येक शेतकऱ्यासाठी परत एक क्वेरी, २०० नावांना २०१ फेऱ्या. हे कोडमध्ये दिसत नाही, लॉगमध्ये दिसतं, आणि टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरनं लॉग वाचला तर त्याला पण दिसतं.

मग कनेक्शनचा पूल. पीजीबाउन्सरसारखं काहीतर मध्ये बसवा, म्हणजे ॲप सर्व्हर कितीही झाले तरी डेटाबेसला ठरलेलीच कनेक्शन जातात. आणि ऑटोस्केलिंगला वरची मर्यादा घाला, डेटाबेस किती झेपवतो ते मोजून.

त्याच्यानंतर रांग. मेसेज पाठवणं, पीडीएफ बनवणं, रिपोर्ट काढणं ही कामं पावतीच्या कामात गुंफलेली असतात, ती बाहेर काढून रांगेत टाका. पावती छापून झाली की काट्याचं काम संपलं, मेसेज मागनं जाईल. यासाठी दुसऱ्या पायरीचा कागद समोर ठेवायचा, ज्याच्यासमोर पाच मिनिटांपेक्षा जास्त लिहिलंय ते सगळं रांगेत.

आणि आता बिलाच्या दिवसाचं आम्ही काय केलं ते सांगतो, कारण यात एक पण सर्व्हर वाढवावा लागला नाही. बिल एकदा निघालं की बदलत नाही. मग प्रत्येक शेतकऱ्याचं बिल निघतानाच तयार करून ठेवलं, ॲप उघडलं की १२ च्या जागी एकच फेरी, आणि ती पण डेटाबेसला न जाता तयार फाइलला. दुसरं, मेसेज एकदम न पाठवता कारखान्याप्रमाणं, मग गटाप्रमाणं तीन तासांत पसरले. तेच ३०,००० लोक आता तीन तासांत आले, सेकंदाला तीनच्या आत. आणि तिसरं, शेतकऱ्यांना विचारून मेसेजमध्येच टन आणि रक्कम घातली, म्हणजे बऱ्याच जणांना ॲप उघडायचीच गरज उरली नाही. सेकंदाला ६०० फेऱ्यांवरून ३ वर. यातले दोन निर्णय कोडचे नाहीतच, ते ग्राहकाला काय पाहिजे याचे आहेत, म्हणून ते एकट्या इंजिनिअरला सुचत नाहीत आणि एकट्या सेल्सवाल्याला पण.

नेट जाणार हे धरूनच चला

क्लाऊड मुंबईत कितीही मजबूत असला तरी खानापूरच्या पुढं पावसात किंवा अथणीकडं रस्त्याचं काम करताना केबल तुटली की तुमच्यासाठी तो बंदच. काट्याच्या कॉम्प्युटरवर नोंद आधी जागेवर साठली पाहिजे आणि नेट आलं की वर गेली पाहिजे. यात प्रॉडक्टचे प्रश्न भरपूर असतात. पावतीचा नंबर कोण देणार? क्लाऊड देत असेल तर नेटशिवाय पावती नाही. म्हणून नंबर काट्यावरच तयार व्हायला पाहिजे, कारखाना, काटा, हंगाम आणि क्रमांक मिळून, म्हणजे दोन काट्यांचा नंबर कधी एक होत नाही. आणि तीच नोंद दोनदा वर आली तर दुसरी गुपचूप सोडून द्यायची, दुसरं बिल नाही. मघाशी सांगितलं ना, क्लार्क चार वेळा बटन दाबतो, त्याचा पण उपाय हाच.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असतं, म्हणून काट्याची वेळ आणि क्लाऊडवर पोचल्याची वेळ दोन्ही साठवा. एका काट्याचं घड्याळ पाच तास मागं होतं, त्यामुळं रात्री बाराच्या पुढच्या खेपा आदल्या दिवसात गेल्या, आणि पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री झालं असल्यामुळं त्या थेट आदल्या बिलात गेल्या. शेतकरी भांडायला आले तेव्हा कळलं.

सीमाभागात वाढताना डेटा आधी नीट करा

दुसऱ्या शहरातल्या टीमला हे लवकर कळत नाही. इकडं एका गावात मराठी वाचणारे आणि कन्नड वाचणारे शेजारी-शेजारी राहतात, एका घरात पण असतात. भाषा तालुक्यावरून ठरवू नका, शेतकऱ्याची निवड म्हणून साठवा. नाव कन्नडमध्ये, मराठीमध्ये आणि बँकेत इंग्रजीत, तिन्ही वेगवेगळी लिहिलेली असतात, म्हणून नावावरून माणूस शोधायचा नाही, शेतकऱ्याच्या कोड नंबरवरूनच. निपाणीकडं बऱ्याच जणांची शेती दोन्ही राज्यांत, ऊस इकडचा कारखाना तिकडचा किंवा उलट. कर्नाटकात आरटीसी, महाराष्ट्रात सातबारा, सर्व्हे नंबर आणि गट नंबर, आणि बोलताना दोन्हीला उताराच म्हणतात. सुरुवातीला डेटाबेसमध्ये एकच रकाना ठेवलात आणि पुढं दुसऱ्या राज्यातला कारखाना ग्राहक झाला की ते दुरुस्त करायला एक अख्खा पावसाळा जातो. आमचा गेला.

मेसेजचं गणित पण सांगतो. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरी किंवा कन्नड आलं की ७० चा, आणि त्याच्यापुढं गेलं की ६७-६७ चे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. काना-मात्रा पण वेगळं अक्षर म्हणून मोजतात. १५० अक्षरांचा गोड मेसेज म्हणजे ३ मेसेजचे पैसे, दीड लाख शेतकऱ्यांना साडेचार लाख मेसेज. आम्ही "ऊस बिल १-१५ डिसें: ४२.३५० टन, रु. १,२०,५४७ जमा" एवढंच ठेवलं, ४६ अक्षरं. मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, बिलाच्या आदल्या दिवशी शब्द बदलायचा म्हटलं तर अडकता, म्हणून दोन्ही भाषांचे मजकूर सप्टेंबरातच लावा.

क्लाऊडचं बिल टनाला भागा

महिन्याचं एकूण बिल बघून काही कळत नाही, ग्राहक वाढले की ते वाढणारच. बिलाला धंद्याच्या मापानं भागा. आमचं माप होतं हंगामातला खर्च भागिले काट्यावर गेलेले टन. टन दुप्पट झाले आणि टनामागचा खर्च तेवढाच राहिला तर ठीक, कमी झाला तर चांगलं, वाढला तर सॉफ्टवेअरमध्ये कुठंतर चूक आहे.

पैसे कुठं गळतात ते ठरलेलं असतं. टेस्टिंगची मशीन रात्रंदिवस चालू: आठवड्याचे १६८ तास, ऑफिस सहा दिवस दहा तास म्हणजे ६०, उरलेल्या १०८ तासांचे पैसे उगाच. न लागणारे लॉग, एनएटी गेटवेतनं (आतल्या सर्व्हरना बाहेर नेटवर जायचं दार) जाणारा डेटा, मशीन बंद केल्यावर मागं राहिलेल्या डिस्क. एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाऊडवर, फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला अर्धा सेंट लागतो, पत्ते मोजा. आणि एक किंवा तीन वर्षांचा करार करून सूट घ्यायची असेल तर फक्त पावसाळ्यात पण जेवढं चालू असतं तेवढ्याचाच करा, हंगामाची वरची वाढ रोजच्या दरानं घ्या. एकदा संस्थापकानं डिसेंबरचा लोड बघून वर्षाचा करार करायला घेतला होता, जुलैचा ग्राफ दाखवून थांबवला.

बॉयलर पेटायच्या आधी

दसऱ्याच्या आसपास कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि नंतर गव्हाणीत मोळी पडते. आमचं वर्षाचं कॅलेंडर त्याच्यावरच बांधलेलं. एप्रिल-मेमध्ये हंगामात काय काय बिघडलं त्याची यादी, जून ते ऑगस्ट मोठे बदल, डेटाबेसला हात लावायचा असेल तर याच महिन्यांत. गणपतीच्या आधी सगळं पूर्ण, कारण बेळगावात गणपतीच्या अकरा दिवसांत काम होत नाही आणि ते धरायचं पण नाही. सप्टेंबरात लोड टेस्ट.

लोड टेस्टला जेमीटर किंवा के-सिक्स काही पण चालेल, पण काय चालवायचं ते टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरनं लिहायचं, आणि पहिल्या पायरीच्या वहीतनं लिहायचं. नुसते सेकंदाला हजार फेऱ्या मारून उपयोग नाही. आमची टेस्ट अशी: आठ काटे चालू, त्यात क्लार्क चार वेळा बटन दाबतोय, शिफ्ट बदलायची वेळ, त्याच वेळी बिलाचे मेसेज सुटलेत, आणि दोन काट्यांचं नेट तासाभरानं परत आलंय म्हणून त्यांच्या साठलेल्या नोंदी एकदम वर येताहेत. आणि डेटा जानेवारीएवढा भरलेला, रिकाम्या डेटाबेसवर सगळंच पळतं. पास कधी म्हणायचं ते आधी लिहा, पावती २ सेकंदांत, बाकीचं उशिरा चालेल.

मोळी पडायच्या आधी तीन आठवडे नवीन फीचर बंद. सेल्सवाले चिडतील, ग्राहक पण एखादा चिडतो, तेव्हा नाही म्हणायचं काम तुमचं, इंजिनिअरवर ढकलायचं नाही.

बसलंच तर

दोन माणसं ठरलेली पाहिजेत, एक दुरुस्त करणारा आणि एक बोलणारा. बोलणारा म्हणजे टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर. दुरुस्त करणाऱ्याचा फोन त्या वेळी कुणी वाजवायचा नाही, संस्थापकानं पण. दर १५ मिनिटांनी कारखान्याला सांगायचं, काही नवीन नसलं तरी सांगायचं, "अजून चालू आहे, काटा हातपावतीवर घ्या." हातपावतीची पुस्तकं प्रत्येक काट्यावर आधीच ठेवलेली पाहिजेत, आणि नंतर त्या नोंदी आत घालायची स्क्रीन पण.

बॅकअप आहे म्हणून निवांत राहू नका, तो परत लावून बघा. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेसचीच फाइल पुसली, ३०० जीबीच्या आसपास, आणि बॅकअपच्या पाच पद्धती असून वेळेला एक पण नीट चालली नाही, सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं जगाला उघड सांगितलं म्हणून आपल्याला शिकायला मिळतं. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून मागच्या पंधरवड्याच्या बिलांची बेरीज जुळते का बघायचो. एक प्रत मुंबईत, एक हैदराबादच्या रीजनमध्ये, दोन्ही देशातच. आणि हल्ला किंवा डेटाचोरीसारखा प्रकार असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, हे कोण करणार ते नाव आधीच लिहून ठेवा.

हा माणूस आणायचा कुठनं

बेंगळूर-पुण्याहून मोठ्या पगारावर आणायची गरज बऱ्याच वेळा नसते. तुमच्याकडं गावोगाव फिरून सॉफ्टवेअर बसवून देणारा कुणीतर असेल, ज्याला क्लार्क नावानं फोन करतात, जो तक्रार आली की आधी विचारतो "कधीपासनं?" आणि स्वतः डेटाबेसमध्ये बघून उत्तर देतो. त्याला सहा महिने द्या. पहिले दोन महिने एसक्यूएल आणि क्वेरी प्लॅन वाचणं, पुढचे दोन क्लाऊडचं बिल आणि मॉनिटरिंग, शेवटच्या दोन महिन्यांत एका छोट्या फीचरचा पूर्ण कागद त्याच्याकडून, लोड टेस्टसकट. इंजिनिअरिंग लीडबरोबर रोज अर्धा तास बसू द्या, आणि फिरणं पूर्ण बंद करू नका, महिन्यात एक रात्र काट्यावर ठेवाच.

आमच्याकडं असाच एक मुलगा होता, संकेश्वरचा, आधी तीन वर्षं नुसता प्रिंटर आणि काट्याची केबल बघायचा. पुढच्या हंगामात बिलाच्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मेसेज सुटले, ॲपचा ग्राफ थोडा वर गेला, त्यानं तिकडं बघितलं पण नाही, तो वरच्या आकड्याकडं बघत होता. गेल्या १० मिनिटांत पावत्या, ५७. मग त्यानं अथणीच्या काट्यावर फोन लावला, "काय मामा, चाललंय न्हवं?" आणि तिकडनं मागं ट्रॅक्टरच्या आवाजात उत्तर आलं, "चाललंय की, तू झोप जा आता."